विश्लेषण : पगार मोठा, पण वेळेचे काय? नोकरी निवडताना हिशेब कसा मांडावा?

नोकरीचे दोन प्रस्ताव हातात असले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, पगार किती? वेळ किती जाणार, हा प्रश्न बहुतेकांना रुजू झाल्यावर पडतो. पगाराचा आकडा नियुक्तीपत्रावर छापलेला असतो; रोजचे तास, प्रवास आणि सुटीच्या दिवशी येणारे फोन त्यावर नसतात. कामाचे तास, नवे कामगार कायदे आणि शहरांतील प्रवास यांवर गेली दोन-तीन वर्षे चर्चा सुरू असल्याने हा न छापलेला हिशेब आता ऐरणीवर आला आहे. पैसा की जगण्याचा दर्जा, हा प्रश्न नेमका कसा तपासायचा, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का चर्चेत?

इन्फोसिसचे संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या ९० तासांच्या आणि रविवारीही काम करण्याबाबतच्या विधानावर टीकेची झोड उठली. या दोन्हींच्या मध्ये, जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत जेमतेम चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र समोर आल्यावर देशभर चर्चा झाली. कंपनीने मृत्यूचा संबंध कामाशी जोडणे नाकारले. केंद्र सरकारने चौकशीची घोषणा केली.

याच काळात नोकरदारांची पसंतीही बदलत असल्याचे दिसते. रँडस्टॅड या मनुष्यबळ कंपनीच्या २०२५ च्या ‘वर्कमॉनिटर’ पाहणीत ३५ देशांतील २६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारण्यात आले. पाहणीच्या दोन दशकांहून अधिक काळच्या इतिहासात प्रथमच काम आणि खासगी आयुष्याचा समतोल हा घटक पगाराच्या पुढे गेला. मात्र, समतोलाला ८३ टक्के आणि पगाराला ८२ टक्के असा हा फरक आहे. म्हणजे पगाराचे महत्त्व संपलेले नाही. पगाराबरोबर आता वेळही मोजला जाऊ लागला आहे.

भारतीय नोकरदार किती तास काम करतात?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतात आठवड्याला सरासरी ४६.७ तास काम होते. काम करणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक आठवड्याला ४९ तास किंवा त्याहून अधिक राबतात. ही सरासरी असल्याने तिच्यात शेती, दुकानदारी, कारखाने आणि कार्यालये असे सारेच येते. मात्र ७० तासांच्या सल्ल्याची दुसरी बाजू यातून दिसते. देशातील निम्म्याहून अधिक कष्टकरी आधीच कायद्यातील ४८ तासांच्या मर्यादेपलीकडे काम करत आहेत. त्यामुळे कमी तास भरतात म्हणून उत्पन्न कमी आहे, हे स्पष्टीकरण त्यांना लागू पडत नाही.

जास्त पैशाने सुख वाढते का?

या प्रश्नावरचे सर्वांत गाजलेले संशोधन २०१० चे. नोबेल विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक प्रतिसाद तपासले. वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरनंतर रोजच्या भावनिक समाधानात वाढ होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘ठरावीक रकमेनंतर पैसा निरुपयोगी’ ही लोकप्रिय समजूत याच अभ्यासावरून पसरली.

पुढे २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३ हजारांहून अधिक नोकरदारांच्या मोबाइलवरून दिवसभरातील मनःस्थितीच्या नोंदी घेतल्या. त्यांना समाधान वाढतच जाताना दिसले. दोन्ही निष्कर्ष खरे कसे असू शकतात, हे शोधण्यासाठी कानमन आणि किलिंग्जवर्थ यांनीच बार्बरा मेलर्स यांच्यासह २०२३ मध्ये एकत्र अभ्यास केला. बहुसंख्य लोकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढत राहते. पण जे आधीच सर्वांत दुःखी आहेत, त्या सुमारे २० टक्के लोकांच्या बाबतीत एक लाख डॉलरच्या आसपास ही वाढ थांबते, असे त्यात आढळले. कौटुंबिक दुःख, एकटेपणा किंवा नैराश्य यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे पैशाचा इलाज चालत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हे आकडे अमेरिकेतील आहेत. त्यांचे रुपयांत रूपांतर करून आपली मर्यादा ठरवणे चुकीचे ठरेल. मात्र त्यातील एक सूत्र उपयोगी आहे. समाधान वाढते ते रकमेच्या नव्हे, तर टक्केवारीच्या प्रमाणात. २० हजारांचे ४० हजार होणे आणि एक लाखाचे दोन लाख होणे यांचा परिणाम साधारण सारखा असतो. म्हणून १० हजारांची वाढ २० हजार कमावणाऱ्याचे घर बदलू शकते. दीड लाख कमावणाऱ्याला ती जाणवेलच असे नाही. त्या १० हजारांसाठी रोजचे दोन तास द्यावे लागणार असतील, तर दोघांचे उत्तर वेगळे असायला हवे.

नियुक्तीपत्रावरचा आकडा पुरेसा का नाही?

खासगी कंपन्या ‘सीटीसी’ म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा एकूण वार्षिक खर्च सांगतात. त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. यातील भविष्य निर्वाह निधी बुडत नाही. तो पुढे मिळतो. ग्रॅच्युइटी मात्र अटी पूर्ण झाल्या तरच मिळते आणि कामगिरीवरची रक्कम मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे १० लाखांचे दोन प्रस्ताव दरमहा हातात पडणाऱ्या रकमेत बरेच वेगळे असू शकतात.

यापुढे जाऊन दोन वजावटी कुणीच कागदावर दाखवत नाही. पहिली, त्या शहरात राहण्याचा खर्च. दुसरी, त्या नोकरीसाठी घराबाहेर जाणारा एकूण वेळ. या दोन्ही वजा केल्यावर दोन प्रस्तावांतील अंतर किती उरते, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येईल.

कोल्हापूर की पुणे, हिशेब कसा बदलतो?

समजा, कोल्हापुरात स्वतःचे घर असलेल्या एका तरुणासमोर दोन पर्याय आहेत. पुण्यात हातात ६५ हजार रुपये मिळणार आहेत, तर कोल्हापुरात ४२ हजार. वरवर पाहता फरक महिन्याला २३ हजारांचा.

पुण्यात भाड्याच्या घरातील वाटा १४ हजार, जेवणखाण आणि घरकाम नऊ हजार, रोजचा प्रवास चार हजार आणि गावी जाण्यायेण्याचे दोन हजार, असे २९ हजार खर्च झाले. उरले ३६ हजार. कोल्हापुरात घरखर्चाला आठ हजार आणि पेट्रोलला दोन हजार दिले. उरले ३२ हजार. फरक २३ हजारांवरून चार हजारांवर आला.

आता तास. पुण्यात पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे महिन्याला २२ दिवस. कार्यालयात १० तास आणि येण्याजाण्यात दोन तास धरले, तर महिन्याला २६४ तास. कोल्हापुरात सहा दिवसांचा आठवडा, म्हणजे २६ दिवस. साडेआठ तास काम आणि अर्धा तास प्रवास धरला, तर २३४ तास. शिल्लक रकमेला तासांनी भागले, तर पुण्यात ताशी सुमारे १३६ रुपये आणि कोल्हापुरात ताशी सुमारे १३७ रुपये पडतात.

म्हणजे ५५ टक्के जास्त पगार देणारी नोकरी ताशी हिशेबात बरोबरीवर आली. पुण्यातले जादा चार हजार रुपये महिन्याला ३० जादा तास देऊन मिळवलेले आहेत. अर्थात, इथेही एक बारकावा आहे. पुण्यात संध्याकाळ हातची जाते, पण शनिवार-रविवार मोकळे मिळतात. कोल्हापुरात रोज संध्याकाळी घरी पोहोचता येते, पण आठवड्याला सुटी एकच. कुणाला काय हवे, हे आकडेमोड सांगू शकत नाही.

मग कमी पगाराची नोकरी नेहमी शहाणपणाची का नसते?

वरचा हिशेब पहिल्या वर्षाचा आहे. समजा, पुण्यातील पगार दरवर्षी १० टक्क्यांनी आणि कोल्हापुरातील सहा टक्क्यांनी वाढला. पाच वर्षांनी पहिला सुमारे एक लाख पाच हजारांवर जाईल, तर दुसरा सुमारे ५६ हजारांवर. २३ हजारांचे अंतर जवळपास साडेअठ्ठेचाळीस हजारांचे होईल. या काळात पुण्यातील कर्मचाऱ्याला मोठ्या प्रकल्पांचा अनुभव मिळाला, ओळखी वाढल्या आणि नोकरी बदलायची वेळ आली तर त्याच शहरात दहा कंपन्या उपलब्ध असतील, तर हा फायदा आणखी मोठा ठरतो.

हिशेबातला दुसरा कळीचा भाग आहे स्वतःचे घर. कोल्हापुरात ते नसेल, आई-वडिलांवर कर्ज असेल किंवा भावंडाच्या शिक्षणाचा भार असेल, तर उत्तर बदलते. हप्ते थकलेल्या घरात संध्याकाळचे मोकळे तास चिंतेतच जातात. उत्पन्न गरजेपेक्षा कमी असते तेव्हा पैसा आणि जगण्याचा दर्जा यांत निवड करायची नसते. तिथे पैसा हाच जगण्याचा दर्जा असतो.

तिसरी बाजू स्थैर्याची. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कपात जाहीर केली. सुरक्षित मानल्या गेलेल्या कंपनीतील या निर्णयाने दोन्ही बाजूंना धडा दिला. मोठा पगार कायमचा धरून चालता येत नाही आणि कौशल्य अद्ययावत नसेल, तर निवांत नोकरीही निवांत राहत नाही.

प्रवासाचा वेळ किती महाग पडतो?

नोकरी निवडताना सर्वाधिक कमी लेखला जाणारा घटक म्हणजे प्रवास. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथे ठरले. शहरात १० किलोमीटर अंतरासाठी सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागत होती. हा वेग ताशी १८ किलोमीटर होतो. मुंबईत अंतर कापायला लोकल आहे. पण उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी सुमारे अडीच हजार मृत्यू होतात. रूळ ओलांडणे आणि धावत्या गाडीतून पडणे ही त्यामागची प्रमुख कारणे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेल्या प्रवाशांचा पडून मृत्यू झाला, तेव्हा गर्दीची ही किंमत पुन्हा चर्चेत आली.

येण्याजाण्यात रोज तीन तास जात असतील आणि वर्षात २४० दिवस कामाचे असतील, तर ७२० तास होतात. म्हणजे दिवसरात्र धरून पूर्ण ३० दिवस. वर्षातला एक अख्खा महिना गाडीत जातो. त्याचा पगार मिळत नाही आणि ती रजाही नसते.

कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार महिलांना आदल्या दिवसातील प्रत्येक काम आणि त्या वेळची मनःस्थिती नोंदवायला सांगितली होती. सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास त्या यादीत तळाशी होता. स्वित्झर्लंडमधील अर्थतज्ज्ञ अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनीतील आकडेवारीवरून दाखवले, की लांबचा प्रवास करणाऱ्यांना मिळणारा जादा पगार किंवा स्वस्त घर त्या त्रासाची पुरेशी भरपाई करत नाही. माणूस मोठ्या घराला किंवा पगाराला लवकर सरावतो. रोजच्या कोंडीला मात्र सरावत नाही.

तरीही लांबचा प्रवास नेहमीच चुकीचा निर्णय असतो, असे नाही. डेक्कन क्वीनने पुण्याहून किंवा पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकहून मुंबईला रोज जाणाऱ्या पासधारकांनी वर्षानुवर्षे हा सौदा समजून-उमजून केला आहे. मुंबईचा पगार, पण घर, मुलांची शाळा आणि वृद्ध आई-वडील आपल्या गावी. त्यांनी वेळ देऊन घर राखले. तो सौदा निवडलेला होता की गळ्यात पडला, यावर समाधान बरेच अवलंबून असते.

जास्त तासांचा आरोग्याशी संबंध आहे का?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा संयुक्त अभ्यास याबाबत स्पष्ट आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. दीर्घ कामाच्या तासांशी निगडित अशा कारणांनी २०१६ मध्ये जगभरात सात लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज या अभ्यासात आहे.

केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही आठवड्याला ६० तासांहून अधिक कामाचे आरोग्यावर विपरीत परिणाम होऊ शकतात, याकडे लक्ष वेधले. हे नुकसान त्या महिन्याच्या पगारपत्रकात दिसत नाही. त्यामुळे वयाच्या पंचविशीत केलेल्या हिशेबात ते धरले जात नाही.

महिलांसाठी हिशेब वेगळा का?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. मुले, वृद्ध आणि आजारी यांची काळजी घेण्यात महिलांची १३७ मिनिटे, तर पुरुषांची ७५ मिनिटे जातात.

म्हणजे कार्यालयातून तासभर उशिरा सुटणे हे दोघांसाठी सारखे नाही. पुरुषाच्या बाबतीत तो तास बहुधा विश्रांतीतून वजा होतो. महिलेच्या बाबतीत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास किंवा झोप यांतून. ‘घराजवळची नोकरी आहे, पगार कमी असला तरी चालेल’ हा सल्ला घरात मुलीला किंवा सुनेलाच का दिला जातो, याचे उत्तर या मिनिटांत आहे. तिने वेळेला प्राधान्य दिले, असे वरून दिसते. प्रत्यक्षात घरकामाची विभागणी न बदलल्याने तिला पगार सोडावा लागलेला असतो. घरातील कामे वाटून घेतली गेली, तर तिच्यापुढचे पर्यायही बदलतात.

सरकारी नोकरीकडे ओढा यामुळेच का?

काही प्रमाणात होय. राज्यात २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. एका पदामागे साधारण १०० उमेदवार. नियमित वेतन, ठरलेल्या रजा आणि नोकरी जाण्याची भीती नसणे, या तिन्हींचे मोल तरुण जाणतात. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे.

मात्र सरकारी नोकरी म्हणजे निवांत वेळ, हे सरसकट खरे नाही. पोलिसांना तो पाच दिवसांचा आठवडा नाही. १२ तासांची ड्युटी हीच रीत असलेल्या मुंबई पोलीस दलात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातून सुरू करावा लागला. शिवाय स्पर्धा परीक्षांच्या तयारीत घालवलेली उमेदीची वर्षे हीसुद्धा किंमतच आहे. यश मिळालेल्यांच्या पगारात ती दिसत नाही आणि यश न मिळालेल्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

कायदा कर्मचाऱ्याच्या वेळेचे संरक्षण करतो का?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही चौकट, जादा कामाला दुप्पट दर, मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आणि नोकरी सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करणे, अशा तरतुदी त्यात आहेत. मूळ वेतन व महागाई भत्ता यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या किमान निम्मा धरावा लागणार असल्याने ग्रॅच्युइटीसारख्या पुढे मिळणाऱ्या रकमांचा आधार वाढतो.

त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून १२ तासांपर्यंत आणि २० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांत नऊवरून १० तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सरकारचे म्हणणे आहे. गुंतवणूक आणि रोजगार वाढवणे हा त्यामागील हेतू सांगितला गेला, तर कामगार संघटनांनी विरोध केला.

खरी मेख ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे आणि महिन्याला १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतात. त्यामुळे ‘टीम लीड’ किंवा ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पाटी मिळाली की बढतीबरोबर ओव्हरटाइमचा हक्क जाण्याची शक्यता असते. पद वाढले, तरी ताशी दर घटला, असे चित्र यातूनच तयार होते.

कामाच्या वेळेनंतर फोन किंवा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून आहे. भारतात याबाबतचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. मात्र १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही. म्हणजे तूर्तास हा मुद्दा रुजू होण्यापूर्वीच्या बोलणीतच सोडवावा लागतो.

निवड करण्याची मुभा कुणाला आहे?

नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारदार सुमारे २१.७ टक्के होते. ५८.४ टक्के स्वयंरोजगारात, तर १९.८ टक्के हंगामी मजुरीत होते. बिगरशेती क्षेत्रातील नियमित पगारदारांपैकीही निम्म्याहून अधिक लोकांकडे लेखी करार नाही. दोन नियुक्तीपत्रे समोर ठेवून तुलना करण्याची संधी ही मुळात थोड्यांची आहे. रोजंदारीवरचा मजूर किंवा घरपोच सेवा देणारा कामगार तास कमी करतो, तेव्हा त्याच दिवशी उत्पन्न कमी होते.

ज्यांना ही मुभा आहे, त्यांची ती कर्जामुळे आक्रसते. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी ५० लाखांचे गृहकर्ज घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४३ हजार ४०० रुपये येतो. एक लाख पगार असताना हा हप्ता पेलतो; पण त्यानंतर ७० हजारांची, घराजवळची नोकरी स्वीकारणे जवळपास अशक्य होते. अनेकांच्या बाबतीत पैसा की वेळ हा निर्णय नोकरी निवडताना नव्हे, तर कर्जाच्या अर्जावर सही करतानाच होऊन जातो. पगार वाढला की खर्चही त्याच वेगाने वाढवला, तर मोठा पगार परतीचा रस्ता बंद करतो.

निर्णय घेताना काय तपासावे?

पहिले, वार्षिक पॅकेज बाजूला ठेवून हातात पडणारी रक्कम विचारावी. कामगिरीवरची रक्कम गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के दिली गेली, हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यात गैर काही नाही. दुसरे, राहणे, खाणे आणि प्रवास वजा करून उरणारी रक्कम घराबाहेर जाणाऱ्या एकूण तासांनी भागावी. तिसरे, कार्यालयाच्या वेळेत तिथला प्रवास एकदा प्रत्यक्ष करून पाहावा. रविवारी दुपारी पाहिलेले अंतर फसवे असते.

चौथे, त्याच विभागात काम करणाऱ्या किंवा सोडून गेलेल्या व्यक्तीला विचारावे की लोक किती वाजता घरी जातात, रजा मिळते का आणि जागा रिकामी का झाली. पाचवे, पाच वर्षांनी हे काम काय शिकवून जाईल आणि तो अनुभव दुसरीकडे चालेल का, हे पाहावे. सहावे, किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मोठा हप्ता अंगावर घेऊ नये. ही रक्कम हाताशी असली की न पटणारी नोकरी सोडण्याचे किंवा वरिष्ठांना नकार देण्याचे बळ मिळते.

या उत्तरांतून सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर निघणार नाही. घरावर कर्ज असताना चार वर्षे जादा तास देणे योग्य ठरू शकते. तेच तास कर्ज फिटल्यावर, मूल लहान असताना किंवा आई-वडील अंथरुणाला खिळलेले असताना महागात पडतात. म्हणून हा हिशेब एकदाच मांडून चालत नाही. पगारवाढीच्या पत्राबरोबर दरवर्षी तोही नव्याने मांडावा लागतो, कारण त्या पत्रात वाढलेले रुपये असतात, वाढलेले तास नसतात.